बर्थच्या मापाची पिशवी

कुल्लू
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दौलतमामा,

तुम्हाला आणि मालनमामींना सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्ही "हॅलो, मोठ्यानं बोल" याच्या पुढे जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर आई ते तुम्हाला वाचून दाखवताना अर्धं स्वतःच्या मनाचं सांगते. म्हणून तुमचाच जुना नियम पाळते आणि कागदावर, मराठीत लिहिते. हसू नका, एका पानाला मला पाऊण तास लागतो.

बातमी मोठी आहे. माझी निवड झाली! जूनमध्ये सहा हजार मीटरच्या शिखरावर बायकांची टीम जाणार आहे, आठजणींची. सात पहाडातल्या आणि आठवी मी, निवासी शाळेत गणित शिकवणारी हैद्राबादची बाई. मागच्या सप्टेंबरात वरच्या कॅम्पवरून परत यावं लागलं होतं, ते शल्य अजून आहे. आमच्या लीडर डोलमादीदींनी मला समोर बसवून सांगितलं, "तुझे पाय चांगले, दम चांगला. पण वर तुला झोप लागत नाही. जी रात्रभर कुडकुडते तिला मी पहाटे पुढे नेत नाही." म्हणजे माझी परीक्षा चढायची नाही, झोपायची आहे.

स्लीपिंग बॅग टीमकडून मिळते. तिच्या आत घालायचा लायनर, म्हणजे तुम्ही जिला 'आतली पिशवी' म्हणता ती, ज्याची त्यानं आणायची. तुम्ही गेल्या वर्षी शिवून दिलेली छानच आहे, पण यंदा वजनाचं फार बघतात. म्हणून एखादी मनालीच्या दुकानातून घ्यावी म्हणते. रागावू नका हं.

तुमची
दीक्षा


नल्लकुंटा, हैद्राबाद
१९ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा हिस मामाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. मी ते तीनदा वाचलं, मालनला दोनदा वाचून दाखवलं आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभा राहून सगळ्यांना सांगितलं. खिल्लारेंची भाची वीस हजार फुटांवर जाणार! टाळ्या पडल्या, पोरी. मला ऐकू कमी येतं तरी त्या ऐकू आल्या. आणि मी हेही सांगितलं की गेल्या वर्षी माझ्या हातची पिशवी सोळा हजार फुटांपर्यंत जाऊन आली, यंदा वीस हजारांवर जाणार. रेल्वेच्या कारखान्यातले माझे जुने जोडीदार तिथं होते. त्यांची तोंडं बघायला हवी होतीस.

आता तुझ्या दुकानाचं. पिकतं तिथं विकत नाही, हे खरंच आहे. अडतीस वर्षं मी रेल्वेच्या डब्यांचे बर्थ शिवले. या देशातली अर्धी माणसं कधी ना कधी माझ्या शिवणीवर झोपली असतील. आणि माझी भाची मनालीच्या दुकानातून पिशवी घेणार! वजनाची सबब सांगू नकोस. मी दिलसुखनगरहून सहा मीटर मऊ सुती फ्लॅनेल आणलं आहे, गेल्या वर्षीपेक्षा जाड. दुहेरी शिवतो. थंडी तुझं नाव घेणार नाही.

तुझा मामा,
दौलत


कुल्लू
२ मार्च २०२५

प्रिय मामा,

जय भीम. तुम्ही विहारात सांगितलंत हे वाचून छाती फुगली आणि थोडी धडधडलीही.

मामा, मी इथं नीट चौकशी केली. लायनर चार प्रकारचे असतात. फ्लीसचा सगळ्यात उबदार, पण त्याचं गाठोडं उशीएवढं होतं. सिंथेटिकचा लवकर वाळतो, पण मला तो अंगाला चिकटल्यासारखा होतो. सिल्कचा इतका पातळ की घडी मुठीत मावते. आणि सुती. डोलमादीदी म्हणतात बॅग आमच्याकडे भक्कम आहे, ऊब तीच देईल, लायनरनं फक्त तिला कोरडं ठेवायचं. वर सुती नको, असंही त्या म्हणतात. माझा कल सिल्ककडे आहे.

तुम्ही एवढ्या प्रेमानं कापड आणलंत. पण ते अजून कापलं नसेल तर कापू नका ना. मामींना त्याचं काहीतरी छान होईल.

तुमची
दीक्षा


नल्लकुंटा
१३ मार्च २०२५

चि. दीक्षा,

कापड कापून झालं.

मला बाकी सगळं समजलं. तुझ्याबरोबरच्या मुलींकडे परदेशी कंपन्यांची नावं छापलेल्या वस्तू असतील आणि तुझ्याकडे मामानं घरी शिवलेली पिशवी. त्याची लाज वाटते, हे सरळ लिहायचं होतंस. तुझी आई, आपली उषा, पहिल्यांदा ऑफिसात रुजू झाली तेव्हा तिनं मी शिवलेलं ब्लाऊज घातलं होतं आणि खांद्याला मीच रेक्झिनच्या तुकड्यांतून शिवलेली पर्स होती. मान वर करून गेली ती. आपल्या घरात हातानं केलेल्या कामाची लाज कुणी धरली नाही.

तुमच्या डोलमादीदी डोंगरातल्या मोठ्या असतील. त्यांचा मान आहे. पण कापसाबद्दल त्यांनी मला सांगू नये.

मामा


कुल्लू
२२ मार्च २०२५

मामा,

लाज? तुमच्या हातची? तुम्ही हे लिहिलंत म्हणून आता मला खरं लिहायलाच हवं. सहा महिने मी ते पोटात ठेवलं.

गेल्या सप्टेंबरात हवा बिघडली नव्हती. मी खोटं सांगितलं. हवा छान होती, तारे दिसत होते. मी परत आले ती तुमच्या पिशवीमुळे.

पहिल्या रात्री ती मऊ लागली, मला घरी झोपल्यासारखं वाटलं. पण झोपेत अंगातून जी वाफ निघते ती सगळी त्या सुती कापडानं पिऊन टाकली. सकाळी वाळवायला ऊन नव्हतं, तशीच ओलसर घडी घातली. दुसऱ्या रात्री ती दमट होती. तिसऱ्या रात्री, वरच्या कॅम्पवर, रात्री धुतलेला युनिफॉर्म सकाळी ओलाच घालावा तसं झालं. शिवाय पिशवी खालपर्यंत एकसारखी रुंद आणि स्लीपिंग बॅग पायांकडे निमुळती, त्यामुळे जास्तीचं कापड पायाखाली गोळा व्हायचं. मी कूस बदलली की ते मला गुंडाळायचं. शेवटी मी ती ओढून काढली, पण तोवर बॅगही आतून ओली झाली होती. माझी पायांची बोटं मला जाणवेनात. मामा, मी रडले. डोलमादीदींनी माझे पाय त्यांच्या पोटाशी धरून चोळले. मग बाकीच्या निघाल्या आणि मी तंबूच्या दारातून त्यांच्या बॅटऱ्या वर जाताना बघत बसले.

दिवाळीला आले तेव्हा तुम्ही नामपल्ली स्टेशनवर मला घ्यायला आला होतात. शिखरावर गेलीस का, हे तुम्ही विचारलंच नाही. पहिला प्रश्न विचारलात, "पिशवीत ऊब होती ना?" मी म्हटलं, "हौ मामा, खूप." तुमचा चेहरा इतका खुलला की दुसरं काही तोंडातून निघणंच शक्य नव्हतं.

जूनमध्ये मला वर झोप लागली नाही तर मला परत पाठवतील, आणि तिसऱ्यांदा कुणी नेणार नाही. म्हणून हे लिहिलं. तुम्हाला दुखवलं असेल तर माफ करा. पण सुती पिशवी मी नेणार नाही.

तुमची
दीक्षा


नल्लकुंटा
७ एप्रिल

दीक्षा बाई,

तुझ्या मामाच्या मागं लिहिते. मी काही त्यांच्यासारखी लिहिणारी नाही, रात्रीच्या शाळेत शिकले तेवढंच. समजून घे.

काय लिहिलंस ग तू त्यांना? पत्र आलं, वाचलं, सदऱ्याच्या खिशात घातलं. मला वाचून दाखवलं नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मशीनवर ते कापलेलं फ्लॅनेल पडलंय, त्याच्यावर धूळ बसली. सकाळी उठतात, मशीनपुढं बसतात, पायसुद्धा हलवत नाहीत. विहारात कुणी म्हटलं, खिल्लारेसाहेब, पिशवी कुठवर आली? तर हे चप्पल घालून उठून आले.

मी म्हटलं, पोरीचं बरं आहे ना? तर म्हणाले, "पोरगी चांगली आहे. मीच कमी पडलो." आता तू जे लिहिलं असशील ते असशील, खरंच असंल, तू खोटी नाहीस. पण मला कळव. माझा नवरा बोलत नाही तेव्हा मला घर खायला उठतं.

भात नीट खात जा. तिकडं नुसत्या पोळ्या खाऊन अंगात काय राहणार.

मामी


नल्लकुंटा
१५ एप्रिल २०२५

चि. दीक्षा हिस आशीर्वाद आणि जय भीम.

काल जयंती झाली. विहारात गर्दी होती, दिलसुखनगरहून सगळे आले होते. तुझी आईही होती, तिला विचार. भाषणं संपल्यावर मी माइक मागितला. मी म्हटलं, मागं मी तुम्हाला सांगितलं होतं की माझी पिशवी सोळा हजार फुटांवर जाऊन आली. ते खरं आहे. पण त्याच पिशवीमुळे माझी भाची तिथून परत आली, तिच्या पायांची बोटं जायची वेळ आली होती, हे मला आत्ता कळलं. चूक माझी आहे. तिनं ती सांगायचं धाडस केलं. मी दुसरी शिवणार आहे. एवढं बोलून खाली बसलो. यावेळी टाळ्या पडल्या की नाही मला ऐकू आलं नाही. मालन म्हणते पडल्या.

आता नीट ऐक. आमच्या शिवणाच्या हॉलमध्ये प्रत्येक शिंप्याचा नंबर असायचा. माझा एकवीस. बर्थच्या कव्हरच्या आतल्या बाजूला शाईनं तो नंबर घालायचा, मग कव्हर गाडीवर जायचं. शिवण उसवून कव्हर परत आलं की ते ज्याचा नंबर त्याच्याच टेबलावर यायचं. दुसऱ्या कुणी त्याला कात्री लावायची नाही. आपली शिवण आपण उसवायची, चूक आपण बघायची आणि मगच नवीन टाका घालायचा. साहेब ओरडायचे नाहीत. गरजच नसायची. सगळ्या हॉलसमोर आपलंच कव्हर उसवत बसणं पुरेसं असायचं. अडतीस वर्षांत माझ्या टेबलावर नऊ कव्हरं परत आली. नऊच्या नऊ मला आठवतात.

तुझी पिशवी दहावी. ती चुकली याचं दुःख आहे, राग नाही. राग आहे तो तू ती सहा महिने लपवल्याचा. माझ्या टेबलावर यायची वस्तू तू ट्रंकेत ठेवलीस! सोनारानंच कान टोचावे म्हणतात, आणि तू टोचायचं सोडून माझ्या कानाला फुंकर घालत बसलीस.

ती पिशवी जशी आहे तशी पाठव. धुऊ नकोस. आणि टीमच्या बॅगेची मापं पाठव: खांद्याशी, कमरेशी, गुडघ्याशी, पायाशी आणि लांबी. टेपनं घे, अंदाजानं नाही.

मामा


कुल्लू
२३ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

पार्सल पाठवलंय. धुतलेली नाही. मापं वेगळ्या कागदावर आहेत, प्रत्येक दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा शाळेतल्या लॅबच्या टेपनं. सामानाची तपासणी एक जूनला आहे.

आईनं फोनवर सगळं सांगितलं. यावेळी तिनं मनाचं काही घातलं नाही, कारण ती बोलता बोलता रडत होती. मामा, मी वर्गात पोरांना सांगते की उत्तर चुकलं तर खोडू नका, शेजारी बरोबर करून दाखवा. पण भर सभेत असं करणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझा मामा आहे.

दीक्षा


नल्लकुंटा
१४ मे २०२५

चि. दीक्षा हिस आशीर्वाद आणि जय भीम.

पिशवी आली. टेबलावर पसरली, मालनला बाहेर बसवलं आणि उसवली. चूक शोधायला दोन मिनिटं लागली नाहीत. वरपासून खालपर्यंत तीस इंच. ते बर्थचं माप आहे, पोरी! सहा फुटांचा बर्थ आणि कव्हर दोन्हीकडून आत खोचायला जागा. गेल्या वर्षी मी तुझं माप घेतलंच नव्हतं. हात आपोआप चालला. मी माणसासाठी नाही, डब्यासाठी शिवलं.

राहिला कापूस. तुमच्या दीदींचं म्हणणं ऐकून गप्प बसणाऱ्यातला मी नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण हैद्राबादेत मे महिन्यात बेचाळीस डिग्री, इथं थंडी कुठून आणायची? तर आमच्या जुन्या जोडीदाराचा मुलगा शिवराज मिरचीच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहे. आत चार डिग्री. मी पिशवीतलं फ्लॅनेल आणि एक रेशमाचा तुकडा घेऊन गेलो. दोन्ही एकाच बादलीत भिजवले, सारखे पिळले. उजव्या पायाला फ्लॅनेल गुंडाळलं, डाव्याला रेशीम. शिवराज कपाळाला हात लावून म्हणतो, "चाचा, बाहर लोगां पंखे के वास्ते मर रे, तुम थंडी में मरने आए क्या?" मी म्हटलं, "तू घड्याळ देख, मेरे को मत देख."

पाऊण तासानं डावा पाय कोरडा. अंगाच्या उबेनंच रेशीम वाळलं. उजवा पाय माझा राहिला नव्हता. दीड तास झाला तरी फ्लॅनेल ओलंच, आणि पाय असा बधिर झाला की शिवराजच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आलो. मिरचीच्या पोत्यावर बसलो आणि तुझी ती रात्र मला कळली. मी दीड तासात हरलो, तू तीन रात्री काढल्या होत्यास. कापूस वाईट नाही, पण तो आपल्या उन्हातला माणूस आहे. त्याला तिकडं पाठवून मीच त्याची बेअब्रू केली. तुमच्या दीदींना माझा जय भीम सांग.

मग रेशीम. बेगमबाजारात चार दुकानं फिरलो. मला जरीकाम नको, रंग नको, चमक नको, फक्त पातळ आणि घट्ट विणीचं हवं. दुकानदार म्हणतो, "बच्ची की शादी है क्या, चाचा?" मी म्हटलं, "नई, बच्ची पहाड पे सोने जा री." तो म्हणतो, "रेशम में? फिर तो नवाबां के घर की होंगी." मी म्हटलं, "हौ." काय बिघडलं? साडेचार मीटर घेतलं.

तुला वाटेल, पुढं सोपं. रेक्झिनला अठरा नंबरची सुई लागते, माझे हात तिलाच सरावलेले. रेशमाला नऊ नंबरची, केसासारखी. पहिली शिवण सगळी चुण्यांची झाली. उसवली. दुसरी उसवली. मालन सुईत दोरा ओवून द्यायची, कारण मला आता एवढं बारीक दिसत नाही, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. लपवायचं काम तू एकटीच करतेस असं नाही. शेवटी कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवलं आणि मग कागद फाडून काढला, तेव्हा शिवण सरळ आली. सगळ्या कडा दोनदा आत दुमडल्यात, कच्चा धागा कुठंही अंगाला लागणार नाही. पायाकडे निमुळती केली आहे. गळ्याची नाडी हातमोजा घालूनही एका ओढीत सुटते. आणि गुडघ्याशी चार इंच जास्त सोडलेत, ते तुझ्या मापाच्या कागदात नव्हते. तू लहानपणापासून कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपतेस. आमच्या गच्चीवर झोपायचीस तेव्हा पाहिलेलं आहे. वजन किराणाच्या काट्यावर एकशे पन्नास ग्रॅम भरलं.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. मनालीच्या दुकानातूनही एक घे. खालच्या कॅम्पवर दोन्हींत झोपून बघ. जी चांगली असेल ती वर ने. दुकानातली चांगली निघाली तर तीच न्यायची, मामाची म्हणून माझी न्यायची नाही. माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा खोटं बोललीस तर तुझं माझं जमणार नाही.

शिवता शिवता अभिमान वाटत होता, ते मात्र लिहितो. माझ्या घरातली पोरगी वीस हजार फुटांवर जाते आणि तिच्यासाठी मला नवीन काम शिकावं लागतं, सत्तराव्या वर्षी. असं भाग्य किती शिंप्यांना मिळतं?

मामा


कुल्लू
२४ जून २०२५

प्रिय मामा आणि मामी,

सप्रेम जय भीम!

फोनवरून आईनं तुम्हाला मोठ्यानं ओरडून सांगितलंच असेल. पण हे पत्र वेगळं आहे. यात मी आधी परीक्षेचा निकाल देते, मग बाकीचं.

मनालीतून एक सिल्कचा लायनर घेतला, तुम्ही सांगितलंत म्हणून. बेस कॅम्पवर दोन रात्री त्यात झोपले आणि दोन रात्री तुमच्यात. दोन्ही कोरडे राहिले. दुकानातला दिसायला देखणा, पण गुडघ्याशी अरुंद. मला मढ्यासारखं सरळ पडून राहावं लागायचं, कुशीवर वळलं की तो ताणून धरायचा. दोन्ही रात्री मी चार-पाचदा जागी झाले. तुमच्यात कूस बदलली, गुडघे वर घेतले, आणि कापड माझ्याबरोबर आलं. वहीत लिहून ठेवलं, पोरांच्या प्रगतिपुस्तकासारखं. गुण दिले आणि तुमची निवडली. तुमच्या तोंडाकडं बघून नाही, शपथ.

एक दोषही आहे. नाडीची गाठ हनुवटीला टोचते. मी ती पाठीमागे फिरवून घेतली. पुढच्या वेळी गाठ बाजूला घ्या.

आता वरच्या कॅम्पची रात्र. बाहेर इतका वारा होता की तंबू हलत होता. डोलमादीदी येऊन माझ्याकडे बॅटरी मारून गेल्या. मला माहीत होतं, त्या माझंच बघत होत्या. मी कोरडे कपडे घातले, तुमच्या पिशवीत शिरले, नाडी ओढली. मनात फक्त एक होतं की पाय गार पडायला लागले तर काय करायचं. पाय गार पडायची वाट बघत होते मी, मामा. त्याच्या पुढचं मला आठवत नाही.

मला आठवतं ते एकदम कुणीतरी खांदा गदागदा हलवत होतं ते. "उठ, मास्टरनी! सगळ्या तयार झाल्या!" निघायची वेळ झाली होती. बाकीच्या सातही जणींना रात्रभर धड झोप नव्हती, त्या तासभर आधीच उठून बूट चढवून बसल्या होत्या. आणि मला उठवावं लागलं. माझ्या शेजारची सांगत होती की मी घोरत होते. डोलमादीदी तोंडावर हात धरून हसत होत्या. म्हणाल्या, "इतक्या उंचीवर मी आजवर कुणाला हलवून उठवलं नव्हतं."

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही शिखरावर पोचलो. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही, मला भूक लागली होती. खिशातली चिक्की खाल्ली आणि चारी बाजूंना बघितलं. खाली सगळं पांढरं, वर इतकं निळं की काय सांगू. मी गणिताची बाई, मला वर्णन जमत नाही. पण मी तिथं उभी होते मामा, स्वतःच्या पायांवर, आणि पायांची दहाही बोटं मला जाणवत होती.

उतरल्यावर दीदींनी पिशवी हातात घेऊन शिवण उलटसुलट करून पाहिली. विचारलं, कोणत्या कंपनीची? मी म्हटलं, "दौलत खिल्लारे, नल्लकुंटा." त्यांनी नाव लिहून घेतलं आहे. त्यांना दोन हव्यात.

तुमची
दीक्षा


नल्लकुंटा
३ जुलै २०२५

चि. दीक्षा हिस मामा-मामीचे आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र विहारात वाचलं. मी नाही, मालननं वाचलं, उभं राहून, माइकवर. रात्रीच्या शाळेत शिकलेली बाई, पण एका शब्दावर अडखळली नाही. 'मढ्यासारखं' या शब्दाला मात्र तुला तिचा ओरडा बसणार आहे. गाठीचं वाचलं तेव्हा माझे जुने जोडीदार माझ्याकडं बघून हसले. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं, गाठ बाजूलाच हवी होती. दीदींच्या दोन्हींना बाजूला घेतो. त्यांना सांग, मापं टेपनं घ्या आणि कुशीवर झोपता की पाठीवर तेही कळवा.

शिखराचं वाचताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. आमची पोरगी वर उभी राहिली, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कागदावर मावणार नाही आणि मी लिहायचा प्रयत्नही करत नाही.

पण मला पत्रातलं दुसरंच वाक्य परत परत वाचावंसं वाटतं. तुला हलवून उठवावं लागलं, ते. अडतीस वर्षांत माझ्या हाताखालून किती बर्थ गेले, मोजले नाहीत. त्यांच्यावर किती माणसं झोपली असतील, तेही मला माहीत नाही. लग्नाला निघालेली, नोकरीला निघालेली, दवाखान्यात निघालेली. कव्हर फाटलं की मला कळायचं. पण माणसाला झोप लागली, हे मला आजवर कुणी कळवलं नव्हतं.

तुझा मामा,
दौलत